बोट हलायच्या आधी मेंदूत काय घडते? वाचकांच्या प्रश्नांना उत्तरे

गेल्या अंकात ब्रेन-कॉम्प्युटर इंटरफेसवर, म्हणजे मेंदूतले विद्युत संकेत टिपून त्यांवर संगणक चालवण्याच्या तंत्रावर, एक टिपण छापले होते. त्यावर आलेल्या बहुतेक पत्रांचा रोख एकच आहे: आपण ठरवतो, की मेंदू आधीच ठरवून मोकळा होतो? निवडक पत्रांचा सारांश आणि उत्तरे देत आहोत. काही पत्रे थेट प्रयोग करायला निघालेल्यांची आहेत, त्यांना जागा जास्त दिली आहे.

प्रश्न: आमच्या देवळातल्या कीर्तनात बुवा म्हणाले, माणूस निमित्तमात्र आहे, करता-करविता वेगळाच आहे आणि आता अमेरिकेतल्या शास्त्रज्ञानेही यंत्र लावून हे सिद्ध केले आहे. खरे का? (डिचोली)

बुवांचा रोख बेंजामिन लिबेट यांच्या १९८३ च्या प्रयोगाकडे असावा. त्याची मुळे जर्मनीतल्या फ्रायबुर्गमध्ये आहेत. तिथे कोर्नहुबर आणि डेके यांनी माणसांना मनाला येईल तेव्हा बोट हलवायला सांगितले, मेंदूच्या लहरी चुंबकीय फितीवर घेतल्या आणि फीत उलटी चालवून हालचालीच्या क्षणापासून मागे मागे सरासरी काढली. १९६५ मध्ये त्यांनी दाखवले की हालचालीच्या सेकंदभर किंवा त्याहूनही आधीपासून माथ्यावरचे विद्युत विभव हळूहळू ऋण बाजूला सरकत जाते. हेच रेडिनेस पोटेन्शियल, आपण त्याला तयारीची लहर म्हणू.

लिबेट यांनी त्यात घड्याळाची भर घातली. गोल तबकडीवर एक ठिपका २.५६ सेकंदांत एक फेरा मारतो. वाटेल तेव्हा मनगट किंवा बोट हलवायचे आणि 'आता हलवावे' असे पहिल्यांदा वाटले तेव्हा ठिपका कुठे होता ते नंतर सांगायचे. आधी काही न ठरवता केलेल्या हालचालींत तयारीची लहर हालचालीच्या सुमारे ५५० मिलिसेकंद आधी सुरू झाली, तर इच्छा जाणवल्याची सांगितलेली वेळ सुमारे २०० मिलिसेकंद आधीची निघाली. लहर आधी, जाणीव मागून. बातमी झाली ती एवढ्यावरच. खुद्द लिबेट मात्र म्हणत होते की शेवटच्या क्षणी 'नको' म्हणायची मुभा माणसाकडे उरते.

'सिद्ध केले' म्हणायला दोन अडचणी आहेत. पहिली घड्याळाची. २००९ मध्ये बँक्स आणि इशम यांनी बटण दाबल्यावर ५ ते ६० मिलिसेकंद उशिराने एक आवाज ऐकवला. आवाज जितका उशिरा, तितकी लोकांनी सांगितलेली इच्छेची वेळही पुढे सरकली. आवाज तर हालचालीनंतरचा! म्हणजे ती वेळ आपण निदान काही अंशी नंतर अंदाजाने भरतो.

दुसरी अडचण जास्त खोल आहे. २०१२ मध्ये शुर्गर, सिट आणि देहाएन यांनी मांडले की मेंदूतली पार्श्वभूमीची विद्युत गडबड सतत वरखाली होत असते. हालचाल करायला ठोस कारण नसेल तेव्हा ही गडबड योगायोगाने एका ठरावीक पातळीवर, उंबरठ्यावर, पोचली की बोट हलते. मिरामारच्या किनाऱ्यावर एखाद्या दगडाला लाट टेकली तेवढेच क्षण निवडून त्यांच्या आधीच्या काही सेकंदांची सरासरी काढलीत, तर पाणी दरवेळी त्या दगडाची 'तयारी' करत हळूहळू चढत आले असेच दिसेल. जिथे लाट टेकलीच नाही ते चढउतार तुम्ही मोजलेच नाहीत. या मांडणीनुसार ५५० मिलिसेकंदांपूर्वी निर्णय झालेला नसतो, निर्णय उंबरठ्यापाशी होतो.

शिवाय हे सगळे प्रयोग बोट कधी हलवावे अशा बिनमहत्त्वाच्या निवडीचे आहेत. मओझ आणि सहकाऱ्यांनी २०१९ मध्ये खरी देणगी कोणत्या संस्थेला जावी हे लोकांना ठरवायला लावले. बिनमहत्त्वाच्या निवडीत तयारीची लहर नेहमीसारखी आली, विचारपूर्वक निवडीत ती जवळजवळ गायब झाली. बुवांचा सिद्धांत खरा असेल किंवा नसेल, पण त्याला या प्रयोगाची साक्ष काढू नये.

प्रश्न: अभियांत्रिकीच्या तिसऱ्या वर्षाला आहोत. आठ चॅनेलचा ईईजी (मेंदूच्या लहरी टिपणारा) बोर्ड (एडीएस१२९९ चिप, सेकंदाला २५० नमुने) मिळाला आहे. तयारीची लहर दिसावी म्हणून दोन वेळा नोंदी घेतल्या, पण रेषा कुठेही भरकटते. नेमके कसे करावे? (फर्मागुढी)

बोर्ड पुरेसा आहे. तो थेट विभव मोजतो, हळू लहरी वाटेत कापत नाही, ही मोठी जमेची बाजू. रेषा भरकटते ती बहुधा डोक्यावरच्या कामामुळे.

आकड्यांचा अंदाज असू द्या. तयारीची लहर ५ ते १० मायक्रोव्होल्टची. मागे चालू असलेली मेंदूची गडबड साधारण २० मायक्रोव्होल्टची. पापणी लवली की १०० च्या वर. एका नोंदीत लहर दिसणार नाही, सरासरीच काढावी लागते आणि गडबड नोंदींच्या संख्येच्या वर्गमुळाने कमी होते: ४० नोंदींना ती ३ मायक्रोव्होल्टवर येते, १०० ना २ वर. लिबेट ४० घेत. तुमची साधने आणि आपली हवा पाहता चांगल्या १०० उराव्यात म्हणून १३०-१४० घ्या.

हवेचे मुद्दाम लिहितो, कारण परदेशी मार्गदर्शिकांत ते दोन ओळींत उरकलेले असते. जून ते सप्टेंबर आणि पुन्हा एप्रिल-मेमध्ये आपल्याकडे पहिला शत्रू घाम. घामाच्या ग्रंथी स्वतः विभव तयार करतात आणि खारट पाण्याने इलेक्ट्रोडखालची रसायनेही बदलतात. त्यातून काही सेकंदांच्या संथ लाटा येतात, कधी शेकडो मायक्रोव्होल्टच्या. तयारीची लहरही त्याच पट्ट्यात असल्यामुळे घामाची लाट फिल्टरने काढायला जाल तर लहरही जाते. उपाय एकच, घाम येऊच द्यायचा नाही. वातानुकूलित खोली, २३-२४ अंश, माणूस बाहेरून आल्यावर निदान २० मिनिटे बसवून ठेवा, टोपीऐवजी सुटे इलेक्ट्रोड लावा. छताचा पंखा बंद: वाऱ्याने तारा हलल्या की तशाच संथ लाटा येतात. तारा एकत्र वेणीसारख्या गुंफून कॉलरला चिकटवा.

केस आदल्या रात्री शाम्पूने धुतलेले हवेत आणि तेल अजिबात नको. खोबरेल तेलाचा थर असला तर कितीही घासा, इम्पिडन्स (विजेला होणारा अडथळा) उतरत नाही. ते ५ किलोओहमच्या खाली आणा, त्यासाठी त्वचेवर खरखरीत जेल हलक्या हाताने आणि मग वाहक पेस्ट. इलेक्ट्रोड चांदी-सिल्व्हर क्लोराइडचेच घ्या. सोन्याच्या मुलाम्याचे वाटीसारखे इलेक्ट्रोड जलद लहरींना चालतात, संथ लहरींना नाही, त्यांच्यावर विद्युतभार साचून रेषा सरकत राहते. तुमची रेषा भरकटते ती घामाने नसली तर यानेच.

जागा अशा काढा. नाकाच्या मुळाच्या खळग्यापासून डोक्यामागच्या हाडाच्या उंचवट्यापर्यंत फीत धरून मध्य खुणा. मग एका कानापुढच्या खळग्यापासून माथ्यावरून दुसऱ्या कानापर्यंत फीत धरून मध्य. दोन्ही मध्य जिथे जुळतात तो बिंदू सीझेड, लहर सर्वांत मोठी इथेच किंवा किंचित पुढे मिळते. पुढेमागे मोजलेली लांबी ३६ सेंटिमीटर असेल तर ३.६ सेंटिमीटर पुढे एफसीझेड. कानापासून कानापर्यंतच्या लांबीचे २० टक्के डावीकडे सी३, तेवढेच उजवीकडे सी४. संदर्भ दोन्ही कानांच्या पाळ्यांवर, ग्राउंड कपाळावर. एक चॅनेल डोळ्याच्या वर-खाली लावा, पापणी पकडायला.

आणि एक चॅनेल बोट वाकवणाऱ्या स्नायूवर, मनगटाच्या वर हाताच्या आतल्या बाजूला. त्या चॅनेलचा समाईक संदर्भ तोडून दोन्ही टोके स्नायूवरच ठेवा. ही सगळ्यात कामाची युक्ती आहे. बटणाची वेळ संगणकाच्या घड्याळात आणि मेंदूची वेळ बोर्डाच्या घड्याळात असली की दोन्ही जुळवताना मिलिसेकंद हरवतात: यूएसबीच्या ड्रायव्हर प्रोग्रॅममध्ये डेटा साधारण १६ मिलिसेकंद रोखून ठेवायची मूळ सेटिंग असते (ती १ वर आणा), माउस दर ८ मिलिसेकंदांनी विचारला जातो. स्नायूची नोंद त्याच बोर्डावर असली की दोघांचे घड्याळ एकच. बटण दाबले जाण्याच्या काही दशक मिलिसेकंद आधी स्नायू जागा झालेला असतो आणि खरा शून्य क्षण तोच. तो काढताना ३० हर्ट्झच्या वरचा भाग घ्या, ५० आणि १०० हर्ट्झची विजेची घरघर काढा, निरपेक्ष मूल्य घ्या, स्वस्थ अवस्थेच्या सरासरीवर ३ प्रमाण विचलने ओलांडून निदान २५ मिलिसेकंद वर टिकले तर सुरुवात धरा. मग प्रत्येक नोंद डोळ्यांनी तपासा.

लिबेटचे घड्याळही दाखवायचे असेल तर लक्षात घ्या, ६० हर्ट्झच्या पडद्यावर २.५६ सेकंद म्हणजे १५३.६ चौकटी (पडद्यावर उमटणारी एकेक चित्रे). १५४ धरा आणि फेरा २.५६७ सेकंदांचा झाला असे अहवालात लिहा.

सूचना देताना: पहिला फेरा जाऊ द्यावा, आकडे मोजू नयेत, ठरावीक जागी ठिपका आला की दाबायचे असे करू नये. दोन दाबांत निदान ५-६ सेकंद, नाहीतर एकाची पायारेषा (तुलनेसाठी धरलेली हालचालीआधीची पातळी) दुसऱ्याच्या शेपटीवर येते. पापणी दाबल्यानंतर लववावी, आधी नाही. ३३ ते ३५ दाबांचे चार गट, मध्ये तीन मिनिटे विश्रांती.

विश्लेषणात ०.०५ हर्ट्झच्या वरचे सगळे ठेवा. अनेक तयार प्रणालींत १ हर्ट्झखालचे कापायची सेटिंग असते आणि ती लहरीचा गळा घोटते. पायारेषा हालचालीच्या २.५ ते २ सेकंद आधीची. लॅपटॉपचा चार्जर काढून ठेवा, बोर्ड बॅटरीवरच चालवा. माणसाच्या डोक्याला जोडलेले काहीही भिंतीतल्या विजेला जोडलेले नको, हा सुरक्षेचा प्रश्न आहे, नोंदीतल्या गडबडीचा नंतर.

प्रश्न: आम्ही मेंदूच्या लहरींच्या वर्गीकरणाचा प्रोग्रॅम लिहिला. हालचालीच्या दोन सेकंद आधी ती येणार हे ९३ टक्के अचूक सांगतो. हे प्रसिद्ध करण्यासारखे आहे ना? (वास्को)

थांबा. २००८ मध्ये सून, हेन्स आणि सहकाऱ्यांनी एमआरआय यंत्रात डावे की उजवे बटण हे काही सेकंद आधी ओळखले तेव्हा अचूकता ६० टक्क्यांच्या आसपास होती. फ्रीड यांच्या गटाने २०११ मध्ये अपस्माराच्या रुग्णांच्या मेंदूत बसवलेल्या इलेक्ट्रोडवरून, थेट पेशी ऐकून, ८० टक्क्यांवर मजल मारली, तीही सुमारे ७०० मिलिसेकंद आधी. कवटीवरून दोन सेकंद आधी ९३ म्हणजे कुठेतरी गळती आहे.

पत्राबरोबर पाठवलेल्या प्रोग्रॅमवरून तीन ठिकाणे दिसतात. एक, तुम्ही पुढे-मागे दोन्ही दिशांनी चालणारा फिल्टर वापरला आहे. तो हालचालीनंतरचा मोठा संकेत हालचालीच्या आधी सांडतो. खात्री करायची तर एक फाइल शून्यांनी भरा, हालचालीच्या जागी एकदम १० मायक्रोव्होल्टची पायरी द्या आणि ती तुमच्या फिल्टरमधून काढा. पायरीच्या आधी जे उमटेल तेवढे फिल्टरने तयार केलेले. फक्त भूतकाळ पाहणारा फिल्टर घ्या.

दोन, 'स्वस्थ' नमुने तुम्ही सुरुवातीच्या डोळे मिटलेल्या दोन मिनिटांतून घेतलेत. मग प्रोग्रॅम डोळे उघडे की बंद एवढेच ओळखतो आहे. स्वस्थ नमुने त्याच गटातले, दाबांपासून दूरचे हवेत.

तीन, एकमेकांवर चढलेले तुकडे यादृच्छिक वाटून शिकवायला आणि तपासायला वापरलेत. एकाच सेकंदाचा अर्धा भाग दोन्हीकडे गेला. पहिल्या तीन गटांवर शिकवा, चौथ्यावर तपासा. तिन्ही दुरुस्त्या केल्यावर आकडा दणकन उतरेल, उतरू द्या.

आकडा किती नोंदींवर हेही सांगा. नाणेफेकीने २० पैकी १२ किंवा जास्त बरोबर येण्याची शक्यता चारात एक आहे. १०० पैकी ६० ची मात्र तीन टक्क्यांहून कमी.

प्रश्न: ध्यानासाठी मिळते ती मोबाईलला जोडायची कपाळपट्टी चालेल का? (पणजी)

नाही. तिचे इलेक्ट्रोड कपाळावर आणि कानामागे असतात, माथ्यावर एकही नसतो. पापण्या आणि जबडा मात्र उत्तम टिपेल.

प्रश्न: यंत्राला आधीच कळत असेल तर त्याला चकवता येईल का? आणि शेवटच्या क्षणी आपण थांबू शकतो का? (म्हापसा)

हाच प्रश्न घेऊन बर्लिनमध्ये शुल्ट्झे-क्राफ्ट, हेन्स आणि सहकाऱ्यांनी २०१६ मध्ये प्रयोग प्रसिद्ध केला. ब्रेन-कॉम्प्युटर इंटरफेसचे खरे मोल इथे दिसते. जुने प्रयोग घटना घडल्यावर मागे वळून पाहतात, इथे यंत्र घटना घडण्याआधी हस्तक्षेप करते.

खेळ असा. हिरवा दिवा लागतो. काही वेळाने मनाला येईल तेव्हा जमिनीवरचे बटण पायाने दाबायचे. हिरवा असताना दाबले तर गुण, लाल झाल्यावर दाबले तर गुण गेला. पहिल्या टप्प्यात लाल दिवा वाटेल तेव्हा लागतो आणि त्या नोंदींवर यंत्र शिकते. दुसऱ्या टप्प्यात ते चालू लहरींवरून हालचाल येतेय असे ओळखून लाल करते. तिसऱ्यात माणसाला हे सांगितले जाते आणि चकवायला मोकळीक दिली जाते. सांगूनही फारसा फरक पडला नाही. थांबण्याबाबत मात्र स्पष्ट निकाल: लाल दिवा स्नायू हलण्याच्या सुमारे २०० मिलिसेकंदांहून आधी लागला तर लोक थांबू शकले, त्यानंतर लागला तर हालचाल सुरू झालीच, जरी काही वेळा ती अर्ध्यावर आवरता आली. म्हणजे लहर सुरू झाली की सगळे ठरले, असे नाही.

मात्र या २०० मिलिसेकंदांचे फार मोठे तत्त्वज्ञान करू नये असे आमचे मत. दिवा पाहून थांबायलाच माणसाला जवळपास तेवढा वेळ लागतो. आतून आलेल्या 'नको'ला किती लागतो, हे या खेळातून कळत नाही.

करून पाहायचे असेल तर खोट्या इशाऱ्यांचा हिशेब आधी मांडा. यंत्र सेकंदाला १० वेळा तपासते, माणूस १० सेकंदांतून एकदा दाबतो. शंभर तपासण्यांत खरी वेळ चार-पाचच. उरलेल्या ९५ पैकी ५ टक्के चुकल्या तरी प्रत्येक दाबामागे जवळपास पाच खोटे लाल दिवे. म्हणून सलग तीन तपासण्या 'हो' म्हणाल्या तरच लाल करा आणि उंबरठा खोट्या इशाऱ्यांवरून ठरवा, अचूकतेवरून नाही. वर्गीकरणाला साधी रेषीय पद्धत पुरते: आठही नव्हे, मेंदूवरच्या चारच चॅनेलची शेवटच्या १.२ सेकंदांतली १०० मिलिसेकंदांची सरासरी, म्हणजे ४८ आकडे. मोठे न्यूरल नेटवर्क १०० नोंदींवर पाठांतर करते, शिकत नाही.

उशीरही मोजा. वायरलेस, प्रोग्रॅम, पडदा मिळून ६० मिलिसेकंद गेले तर तुमच्या २०० तला जवळजवळ तिसरा हिस्सा गेला. पडद्याच्या कोपऱ्यावर फोटोडायोड (प्रकाश टिपणारा सुटा भाग) चिकटवून ती तार बोर्डाच्या रिकाम्या चॅनेलला द्या आणि आदेश दिल्यापासून दिवा उजळेपर्यंतचा वेळ प्रत्यक्ष पाहा. पडदा नको असेल तर साधा एलईडी वापरा, चौकटींची भानगडच मिटते.

प्रश्न: उद्या एखादा आरोपी 'मी नाही, माझ्या मेंदूने केले' म्हणाला तर? (मडगावच्या एका वकीलबाई)

बचाव टिकणार नाही. भारतीय न्याय संहितेचे कलम २२, म्हणजे जुन्या दंडसंहितेचे कलम ८४, विचारते ते मनोविकलतेमुळे कृत्याचे स्वरूप किंवा ते चूक असल्याचे कळण्यास माणूस असमर्थ होता का, हे. बोट हलण्याआधीचे अर्धे सेकंद तिथे लागू होत नाही. खरा पेच वेगळा आहे: पक्षाघात झालेला माणूस मेंदूतल्या चिपवरून यांत्रिक हात चालवत असेल आणि वर्गीकरणाच्या चुकीने हात हलला, तर कृत्य कुणाचे? खोटे इशारे मोजून ठेवणे तिथे पुराव्याइतके महत्त्वाचे ठरेल.

प्रश्न: चवथीच्या सुट्टीत नववीच्या मुलांकडून हा प्रकल्प करून घ्यायचा आहे. बोर्ड नाही. (साखळीचे एक शिक्षक)

मुलांच्या डोक्याला इलेक्ट्रोड लावायचे झाले तर पालकांची लेखी संमती आणि मुलाचा स्वतःचा होकार, दोन्ही लागतात. संशोधन म्हणून करायचे तर एथिक्स समितीची मंजुरीही हवी, म्हणजे अशी समिती असलेल्या महाविद्यालयाला बरोबर घ्या. सुट्टी त्यातच संपेल.

त्यापेक्षा शुर्गर यांची कल्पना लॅपटॉपवर करा. क्ष शून्यापासून सुरू करा. दर मिलिसेकंदाला ०.११ मधून क्षचे निम्मे वजा करून आलेल्या आकड्याला ०.००१ ने गुणा आणि क्षमध्ये मिळवा. मग सरासरी ० आणि प्रमाण विचलन १ असलेला यादृच्छिक आकडा घेऊन ०.००३२ ने गुणा, तोही मिळवा. क्षने ०.३ ओलांडले की 'बोट हलले' असे समजून नोंद थांबवा. असे हजार वेळा करा, ३ सेकंदांपेक्षा लवकर संपलेल्या नोंदी टाका, उरलेल्या शेवटच्या क्षणावर जुळवून मागे ३ सेकंदांची सरासरी काढा. हळूहळू चढत जाणारी लहर उमटेल, जरी एकाही नोंदीत कुणी काही आधीपासून ठरवलेले नाही. मग मुलांना प्रत्येकी पाच सुट्या नोंदी छापून द्या आणि निर्णय कुठे झाला तिथे पेन्सिलीने खूण करायला सांगा. खुणा एकमेकींशी जुळतात का, हे फळ्यावर मांडा.